सेकंड हँड सीएनजी गाडी, नऊ महिने, १४ हजार किलोमीटर आणि दोनदा प्रतापगड

गुढीपाडव्याला गाडी घेतली, आता डिसेंबर संपत आला, त्यामुळे लिहायला हरकत नाही. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी "मस्त गाडी, मक्खन" असं लिहिणारे खूप असतात, मीही तेच लिहिलं असतं, बरं झालं नाही लिहिलं. गाडीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की अर्धे लोक शिव्या घालायला येतात आणि अर्धे त्यांना उत्तर द्यायला, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. छोटी हॅचबॅक, एक लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन, कंपनी फिटेड सीएनजी, २०१८ चं मॉडेल, मीटरला ६१ हजार. चार लाख साठला पडली. आज मीटर ७५ हजारांच्या वर आहे.

घ्यायचं कारण दोन. एक म्हणजे रोजचं हडपसर ते भोसरी, बाईकवर पाठ गेली होती. दुसरं कारण बाबा. बाबा रिटायर होऊन चार वर्षं झाली, आयुष्यभर गडकिल्ल्यांवरची पुस्तकं वाचली आणि प्रत्यक्षात पाहिला फक्त सिंहगड, तोही तीन वेळा, तीनही वेळा एसटीने आणि पीएमटीने. ते कधी बोलून दाखवत नाहीत पण गाडीची किल्ली हातात दिली तेव्हा पहिलं वाक्य हेच, "प्रतापगडाला वरपर्यंत गाडी जाते म्हणे." म्हटलं, जाऊ की.

आधी घेण्याबद्दल थोडं, कारण इथे मी दोन चुका केल्या. कागदपत्रं मी डोळ्यात तेल घालून बघितली, गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३०, आधीच्या मालकाचं कर्ज आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरून, उतरलंय का, इन्शुरन्स नावावर करून घेणं, सगळं. आणि टायर बघितले ते फक्त नक्षी बघून. नक्षी एकदम छान होती. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचायला मला महिन्याभराने एका पंक्चरवाल्याने शिकवलं. माझ्या टायरवर २२१८. म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. गाडीइतकेच जुने टायर, रबर आतून दगड झालेलं, आणि वरून चकाचक काळं पॉलिश. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला तर म्हणाला साहेब टायर तर वेअर अँड टेअरमध्ये येतात. दुसरी चूक ब्रेक ऑइल. त्याची गोष्ट पुढे.

रोजच्या वापरात गाडीबद्दल तक्रार नाही. क्लच हलका, स्टेअरिंग हलकं, गल्लीत वळते. सिटीत किलोला २१-२२ किलोमीटर जाते, हायवेला ८०-८५ ने ठेवली तर २७ पर्यंत. टाकीवर ६० लिटर लिहिलेलं असतं पण ते पाण्याचं माप, गॅस आठ किलोच्या आसपासच बसतो, हे नवीन घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही. पंपावरचा प्रेशर कमी असेल तर सात. आणि रांग. रांगेचं काय सांगू, सकाळी सहाला जातो मी आता, दूधवाल्यासारखा.

तर एप्रिलच्या शेवटी, ऊन चढायच्या आत म्हणून पहाटे साडेपाचला निघालो. मी, बायको, आई, बाबा आणि मागे मध्ये बसलेली आमची सात वर्षांची चिनू. डिकीत सिलेंडर असल्यामुळे सामानाला जागा म्हणजे वरची एक फळीच, त्यामुळे आईचा डबा, पाण्याच्या बाटल्या, चादर, सगळं पायाशी. पाच माणसं आणि सिलेंडर मिळून मागचा भाग इतका बसला होता की सोसायटीच्या स्पीडब्रेकरलाच खर्र झालं. आई म्हणाली मी उतरू का. म्हटलं आई, अजून गेटपण नाही ओलांडलं.

खंबाटकीत पहिला धडा मिळाला. गॅसवर, एसी चालू, पाच जण. तिसऱ्यात चाळीसच्या वर जायला तयार नाही, आणि उजवीकडून लोखंड भरलेला ट्रेलर मला आरामात मागे टाकतोय. गॅस इंजिनात जाताना हवेची जागा खातो म्हणून पॉवर पडते, हे मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि मागे ट्रक हॉर्न मारत असताना अनुभवणं वेगळं. बटण दाबून पेट्रोलवर घेतली तेव्हा कुठे जरा जीव आला. तेव्हापासून नियमच केला, घाट दिसला की पेट्रोल, एसी बंद, काचा खाली. त्यासाठी पेट्रोल पाव टाकी तरी हवंच, सीएनजीवाले लोक टाकी कोरडी घेऊन फिरतात आणि मग घाटात रडतात.

सुरूर फाट्यावरून वाईला आलो आणि बाबा जागे झाले. म्हणजे झोपलेले नव्हते, पण आता बोलायला लागले. ढोल्या गणपतीला हात जोडून झाल्यावर चहाच्या टपरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं की आता आपण इथून पुढे खानाच्या वाटेने जाणार. अफझलखान वाईतच तळ देऊन बसला होता, आधी इथला सुभेदार राहिलेला, मुलूख त्याच्या माहितीचा. त्याला महाराज हवे होते मोकळ्यावर, इथे, जिथे त्याचं घोडदळ पळू शकतं. आणि महाराजांनी पंताजी गोपीनाथांना पाठवून असं काही जमवलं की मी घाबरलोय, मी वाईला यायला भितो, तुम्हीच जावळीत या. बाबांनी हे "मी घाबरलोय" इतक्या रंगात येऊन म्हटलं की टपरीवाला चहा ओतता ओतता थांबला.

पसरणी घाट छान आहे, रुंद, चढही अंगावर येत नाही, पेट्रोलवर दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी गाणी म्हणत गेली. पाचगणी, महाबळेश्वर, नाक्यावरची पावती, ट्रॅफिक, मक्याची कणसं, हे सगळं तुम्हाला माहितीये, पुढे जाऊ.

महाबळेश्वरच्या पुढे आंबेनळी घाट सुरू होतो, प्रतापगड तिथून २४ किलोमीटर. इथे गंमत अशी आहे की गडावर चढायला आधी भरपूर उतरावं लागतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथून खाली वाडा कुंभरोशीपर्यंत सलग उतार, एकामागून एक वळणं, आणि मग तिथून फाटा फुटून परत गडाकडे चढ. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. मी पुण्याचा ड्रायव्हर. म्हणजे उतार म्हटला की ब्रेकवर पाय, तिसरा गियर, दर वळणाला दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. आठेक किलोमीटर असं गेलं. वर पाच माणसांचं वजन.

आई मागून म्हणाली, "अरे काहीतरी जळतंय का? कुणाच्या घरी रबर जाळलंय." दरीत कुणाचं घर. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, स्पंज दाबल्यासारखं. गाडी थांबली, पण उशिरा थांबली. त्या एका सेकंदात पोटात जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही. हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, जरा रुंद जागा होती तिथे डोंगराच्या बाजूला लावली, चिनूला आणि सगळ्यांना खाली उतरवलं. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. फार नाही, उदबत्तीएवढा, पण धूर.

बायकोने बाटली काढली पाणी ओतायला. तेवढ्यात खालून एसटी वर येत होती, लाल परी, ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतूनच ओरडला, "पाणी नका मारू हो! डिस्क तडकंल!" मग गाडी कडेला घेऊन, इंजिन चालूच ठेवून, तो दोन मिनिटं आमच्याशी बोलला. विचारलं, कितव्यात उतरत होता? म्हटलं तिसऱ्यात. तो हसलाच. "अहो दुसऱ्यावर टाका की. ज्या गियरला चढायचं त्याच गियरला उतरायचं. ब्रेकला लोंबकळून कुठं घाट उतरत्यात व्हय?" मग बाबांकडे बघून, "काका, अर्धा तास बसा निवांत, मग जावा." आणि गेला. नाव विचारायचं राहिलं.

तो अर्धा तास कठड्यावर बसून काढला. आईने डबा उघडला, थालीपीठ आणि लोणी. समोर सगळी जावळी पसरलेली, एप्रिल असूनही खाली हिरवं काळं रान, उन्हात नुसतं धुरकट. बाबा म्हणाले, आपला हा डांबरी रस्ता वेगळा, खान उतरला तो रडतोंडीच्या घाटाने, पण डोंगर हाच. नाव बघ, रडतोंडी. हजारोंची फौज, घोडे, उंट, सामान, आणि रस्ता असा की एका मागे एक चालायचं. खाली पार गावात पोचला तेव्हा जनावरं आणि माणसं अशीच झाली असतील, आणि हात पुढे करून त्यांनी आमच्या गाडीकडे दाखवलं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. पण खरं सांगतो, इतिहासाच्या पुस्तकात "दुर्गम प्रदेश" हे दोन शब्द मी शाळेत शंभर वेळा लिहिले असतील, मार्कही मिळाले असतील, अर्थ त्या कठड्यावर कळला.

पुढे मग दुसऱ्यात, अगदीच तीव्र वळणाला पहिल्यात उतरवली. इंजिन ओरडतं, ओरडू दे, ब्रेकला फक्त बोट लावावं लागतं. कुंभरोशीच्या फाट्यावरून गडाचा चढ छोटा पण खडा आहे. रस्ता दरवाजाच्या थोडा खालपर्यंत जातो, तिथे पैसे देऊन पार्किंग, टपऱ्या, कोकम सरबत, लाकडी तलवारी. शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचा, नाहीतर उतारावर रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि मग परत निघताना रिव्हर्स चढ, क्लचची वाट.

गड १६५६ नंतरचा. जावळी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतल्यावर महाराजांनी भोरप्याच्या डोंगरावर किल्ला बांधायचं काम मोरोपंत पिंगळ्यांना दिलं. म्हणजे खान आला तेव्हा हा किल्ला कोरा करकरीत होता, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती, मला सगळे गड जन्मतःच म्हातारे वाटतात. महादरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही. वाट बुरुजाच्या पोटाला खेटून वळते आणि मग एकदम दार. हत्तीने धडक द्यायला धाव घ्यायची तर धावायला सरळ जागाच ठेवलेली नाही, आणि धाव घेतली तरी दोन्ही बाजूंनी वरून दगड, गोळ्या. मी उभं राहून बघत होतो आणि डोक्यात सतत दुसरा गियर. बांधणाऱ्याने एकच विचार केलाय, येणाऱ्याचा वेग मारायचा, आधी डोंगराने, मग जंगलाने, मग वळणाने, आणि शेवटी दाराने.

पायऱ्या आईने मोजायला घेतल्या होत्या, तीनशेच्या पुढे चिनूने मध्येच बिस्किट मागितलं आणि आकडा हरवला. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी काठी न्या, पण जा. भवानीचं मंदिर, सदर, बालेकिल्ला, वर महाराजांचा अश्वारूढ पुतळा, ज्याचं अनावरण १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. बाबा तिथे फार थांबले नाहीत. त्यांना झेंड्याच्या बुरुजावर जायचं होतं. तिथे तटाला टेकून जंगीतून, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकातून, बाहेर बघायला लागले, आणि मलाही बोलावलं. बाहेरून ती नुसती फट दिसते, आतून डोळा लावला की भोकाचा तळ खाली उतरता, आणि समोर बरोब्बर खालची वाट. मी बघितलं तर त्या फटीत आमची पांढरी गाडी, पार्किंगमध्ये, नखाएवढी. बाबा म्हणाले, "टप्प्यात आहे." इतके खूश मी त्यांना माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर १६५९ ची भेट गडाच्या पायथ्याशी शामियान्यात झाली, जिवा महालाने सय्यद बंडाचा वार अडवला, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाबांचा भर नंतरच्यावर होता. गडावरून तोफेची इशारत, आणि रानात लपलेले मावळे पारच्या छावणीवर तुटून पडले, खानाच्या घोडदळाला पळायला जागा नाही. आणि त्याच महिन्यात २८ तारखेला पन्हाळा घेतला. अठरा दिवस! मला आरसी नावावर व्हायला त्याहून जास्त लागले.

परत येताना घाट चढायचा होता त्यामुळे ब्रेकचा प्रश्न नव्हता, पण पसरणी उतरताना माझे हात घामाने भिजलेले. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिककडे. त्याने ब्रेक ऑइलची डबी उघडून दाखवली, चहासारखा रंग. हे ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यात पाणी वाढलं की ते लवकर उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझ्या गाडीत बहुतेक पहिल्यापासून तेच होतं. पुढचे पॅडही घासून पत्र्यावर आलेले. ऑइल, पॅड, मागचे लायनर, मजुरी मिळून साडेपाच हजार. चार टायर सोळा हजार. सेकंड हँड घेणाऱ्यांनी हे वीस-बावीस हजार किमतीतच धरा आणि पहिल्या आठवड्यात करून टाका, घाटात जायच्या आधी, माझ्यासारखं नंतर नाही.

पावसाळा सुरळीत गेला. वायपर बदलले, एकदा भोसरीत पुलाखाली चाकाच्या अर्ध्यावर पाणी होतं तरी निघाली. हेडलाइट मात्र मंद आहेत, पावसात रात्री समोरून गाडी आली की नुसता अंदाज. सीट लांबच्या प्रवासात कंबरेला टोचते, आईला मागे उशी लागते. म्युझिक सिस्टिमबद्दल न बोललेलं बरं.

जुलैत बातमी आली की युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी. बाबांनी पेपरातलं कात्रण कापून फ्रिजवर लावलं, आणि प्रतापगडाच्या नावासमोर पेनने बरोबरची खूण. फक्त एक खूण. त्याच्यावर शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड नुसते. मी रोज दूध काढताना ते बघायचो. तरी बाबा म्हणाले आधी परत प्रतापगडलाच जाऊ, पार बघायचं राहिलं.

नोव्हेंबरात एक गुरुवार सुट्टी टाकून गेलो, यावेळी फक्त मी, बाबा आणि आई. तीन माणसं, नवे टायर, नवे ब्रेक. गाडी वेगळीच वाटली. आंबेनळी पूर्ण दुसऱ्यात उतरवला, वाटेत थांबून चाकाजवळ हात नेऊन बघितला, कोमट. ज्या कठड्यावर थालीपीठ खाल्लं होतं तिथे आईने गाडी थांबवायला लावली आणि उतरून उगाच एक मिनिट उभी राहिली.

पारला कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे, तो बघाच, गर्दी अजिबात नाही. खांब प्रवाहाच्या बाजूला टोकदार, म्हणजे पुराचं पाणी आपटत नाही, चिरत जातं. गावातली वाहनं अजून त्यावरून जातात. मी गाडी अलीकडे लावली आणि आम्ही पायी गेलो. आई म्हणाली आण की गाडी, बाकीचे आणतायत. मला नाही आणवली. बाबा पुलाच्या मधोमध वाकून खांबाचे चिरे बघत होते, चुना कुठे दिसतो, सांधे किती बारीक, आणि मागून एक दुधाचा टेम्पो कॅन वाजवत त्यांना वळसा घालून निघून गेला.

आता हिशोब. नऊ महिन्यांत दुरुस्ती, टायर, सर्व्हिस दोन मिळून साधारण तीस हजार गेले. गॅसचा महिन्याचा खर्च बाईकच्या पेट्रोलपेक्षा दीड पट, त्यात मी घामाशिवाय ऑफिसला पोचतो. फक्त सिटीत फिरणार असाल आणि वर्षातून दोनदा गावाला जाणार असाल तर बिनधास्त घ्या. दर शनिवारी पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचा असेल तर डिझेल नाहीतर मोठं पेट्रोल इंजिन बघा, ही गाडी तुम्हाला नेईल पण प्रत्येक चढाला विचार करायला लावेल. डिकीची मात्र खरंच बोंब आहे, चार जणांच्या बॅगा बसतच नाहीत, आम्ही शेवटी वरती कॅरियर लावला.

फेब्रुवारीत सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, आहे, तीन वर्षांतून एकदा करावीच लागते, टाकी काढून नेतात आणि दोन-तीन दिवस गाडी नुसत्या पेट्रोलवर. तारीख टाकीवरच्या पट्टीवर कोरलेली असते, घेताना ती बघा, विकणारा स्वतःहून दाखवत नाही. ते झालं की राजगड. त्याला गाडी पायथ्यापर्यंतच जाते, हे बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "मग काय झालं," आणि सोसायटीचे चार मजले जिन्याने चढायला लागलेत.